गोवर नाही, डेंग्यू नाही, मग हा ताप कसला?

लहान मूल तापले की आपल्याकडे घरातले प्रत्येक माणूस डॉक्टर होते. आजी म्हणते दात येताहेत. शेजारची काकू म्हणते गोवर बाहेर पडतोय, लिंबाचा पाला ठेवा. पावसाळा असेल तर डेंग्यूचे नाव निघते, आणि शेतात पाणी साचलेले असेल तर लेप्टोचे. बहुतेक वेळा यांतले काहीतरी एक खरे निघते, किंवा साधा विषाणूचा ताप असतो आणि तीन दिवसांत उतरतो. आज लिहायचे आहे ते यांपैकी कशातच न बसणाऱ्या तापाविषयी. तो वारंवार दिसत नाही, पण दिसूनही ओळखला गेला नाही तर मुलाच्या हृदयावर जन्माची खूण ठेवून जातो.

आपल्या शरीरात रक्तवाहिन्यांचे जाळे आहे. बाहेरच्या जंतूंशी लढणारी शरीराची यंत्रणा कधी कधी स्वतःच्याच रक्तवाहिन्यांच्या भिंतींवर उलटते. भिंती सुजतात, त्यांतून रक्त झिरपते, कुठे त्या अरुंद होतात तर कुठे कमकुवत होऊन फुग्यासारख्या फुगतात. याला रक्तवाहिन्यांचा दाह म्हणतात. मोठ्या माणसांप्रमाणे तो मुलांनाही होतो. मुलांमध्ये त्याचे दोन प्रकार प्रामुख्याने आढळतात. एकाचे नाव कावासाकी आजार आणि दुसऱ्याचे हेनॉक-शोनलाइन परप्युरा. नावे परकी असली तरी हे आजार परके नाहीत. कावासाकीची भारतातील पहिली नोंद १९७७ साली झाली, आणि आज मुंबईतल्या मुलांच्या मोठ्या रुग्णालयांना तो चांगला परिचयाचा आहे.

तोमिसाकू कावासाकी हे जपानमधले बालरोगतज्ज्ञ. टोकियोतल्या रेड क्रॉस रुग्णालयात १९६१ च्या जानेवारीत त्यांच्याकडे चार वर्षांचा एक मुलगा आला. ताप, पुरळ, लाल डोळे, फुटलेले ओठ, सुजलेले तळहात. कोणत्याही पुस्तकातल्या आजाराशी हे जुळेना. मुलगा बरा होऊन घरी गेला, पण निदान झाले नाही. पुढच्या वर्षी तसेच दुसरे मूल आले. कावासाकींनी असे रुग्ण एकेक करून टिपून ठेवले आणि १९६७ साली पन्नास मुलांची माहिती प्रसिद्ध केली. हा आजार आपोआप बरा होतो, असाच तेव्हा समज होता. पुढे यांतली काही मुले अचानक दगावली आणि शवविच्छेदनात हृदयाला रक्त पुरविणाऱ्या करोनरी रोहिण्या फुगलेल्या व गुठळीने बंद झालेल्या आढळल्या, तेव्हा या तापाचे खरे रूप कळले. कावासाकी २०२० च्या जूनमध्ये वयाच्या ९५ व्या वर्षी वारले. आजाराचे नेमके कारण तोपर्यंत सापडले नव्हते, आणि अजूनही सापडलेले नाही.

पुस्तकी लक्षणे सांगतो. पाच दिवस किंवा अधिक टिकणारा जोराचा ताप, आणि त्याबरोबर पुढील पाचांपैकी चार गोष्टी: दोन्ही डोळे लाल होणे, पण चिपडे न येणे, ओठ लाल होऊन फुटणे आणि जीभ स्ट्रॉबेरीसारखी लाल व दाणेदार होणे, अंगावर पुरळ, हातापायांचे तळवे लाल व सुजलेले होणे, आणि मानेत, बहुधा एकाच बाजूला, मोठी गाठ येणे. या तापातले मूल विलक्षण चिडचिडे होते. तापाच्या इतर मुलांसारखे ते पडून राहत नाही, कुणाच्याही कडेवर थांबत नाही, हात लावला तरी रडते. अशी सारी लक्षणे घेऊन मूल समोर आले तर तालुक्याच्या डॉक्टरालाही शंका येईल.

अडचण अशी की बरीच मुले पुस्तक वाचून आजारी पडत नाहीत. पाचांपैकी दोन किंवा तीनच गोष्टी दिसतात. त्याला अपूर्ण कावासाकी म्हणतात. नावावरून वाटते की आजारही अर्धाच असेल, म्हणजे सौम्य. तसे नाही. लक्षणे अपूर्ण असतात, हृदयाला असलेला धोका पूर्णच असतो. उलट एक वर्षाखालच्या, त्यातही सहा महिन्यांखालच्या बाळांत लक्षणे सर्वांत कमी दिसतात आणि रोहिण्यांना इजा मात्र सर्वांत जास्त होते.

दुसरी अडचण वेळेची आहे. ही लक्षणे एकाच दिवशी रांगेत येऊन उभी राहत नाहीत. सुधागड तालुक्यातले कुठलेही घर डोळ्यांसमोर आणा. आठ महिन्यांच्या बाळाला सोमवारी ताप आला. मंगळवारी जवळच्या डॉक्टरांनी प्रतिजैविकाचे सिरप दिले. बुधवारी अंगावर पुरळ उठले, ते औषधाची ॲलर्जी समजून औषध बदलले. गुरुवारी डोळे लाल झाले, म्हणून डोळे आल्याचे थेंब आणले. पुरळ तोवर मावळले होते. शुक्रवारी ओठ फुटले. आजी म्हणाली, "ताप ओठांवर आला, आता उतरेल हो." शनिवारी दुसऱ्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी लघवी तपासली, तीत पू-पेशी निघाल्या, लघवीच्या जंतुसंसर्गाचे औषध सुरू झाले. पहिल्या डॉक्टरांनी पुरळ पाहिले, डोळे पाहिले नाहीत. दुसऱ्यांनी ओठ पाहिले, पुरळ त्यांना कुणी सांगितले नाही. यात कुणाची चूक दाखवता येणार नाही. सगळे चित्र फक्त आईने पाहिलेले असते, आणि तिला कुणी विचारलेले नसते.

पुढे काय होते तेही पाहू. औषध न मिळाले तरी दहा-बारा दिवसांनी, कधी त्याहून उशिरा, हा ताप आपला आपण उतरतो. घरात सुटकेचा श्वास पडतो, नवस केला असेल तर बल्लाळेश्वराला नारळ जातो. मग बोटांच्या टोकांची, नखांच्या कडेची साल निघू लागते. "अंगातली उष्णता बाहेर पडतेय," असे म्हणून तिकडे कुणी लक्ष देत नाही. आणि याच दिवसांत, मूल हसतेखेळते दिसत असताना, करोनरी रोहिण्यांवर फुगे धरत असतात. औषध न मिळालेल्या मुलांपैकी सुमारे चौथ्या हिश्श्याच्या मुलांत असे घडते. काही फुगे एकदोन वर्षांत ओसरतात. मोठे फुगे राहतात, त्यांत गुठळी होते, आणि विशीतिशीतल्या धडधाकट तरुणाला झटका येतो तेव्हा त्याचे मूळ बालपणीच्या त्या विसरलेल्या तापात असू शकते.

उपचार आहे, आणि तो चांगला आहे. रक्तदात्यांच्या रक्तद्रवातून काढलेले इम्युनोग्लोब्युलिन नावाचे प्रथिन शिरेतून सावकाश, दहा-बारा तासांत देतात. मात्रा वजनाच्या दर किलोला दोन ग्रॅम, म्हणजे दहा किलोच्या मुलाला वीस ग्रॅम. जपानमध्ये आणि नंतर अमेरिकेत १९८० च्या दशकात हा उपाय सिद्ध झाला. ताप सुरू झाल्यापासून दहा दिवसांच्या आत तो मिळाला तर रोहिणी फुगण्याचे प्रमाण शेकडा पंचवीसवरून पाचाच्या आत येते. सोबत ॲस्पिरिन देतात. (एरवी मुलांना ॲस्पिरिन घरच्या घरी कधीही देऊ नये, हे येथेच सांगून ठेवतो.) औषध महाग आहे, खर्च हजारोंच्या घरात जातो. म्हणून मोठ्या रुग्णालयात गेल्याबरोबर तेथील समाजसेवा विभाग गाठावा. पैशांची जुळवाजुळव करण्यात दोन दिवस गेले तर ते या दहांतूनच जातात. दहा दिवस उलटून गेले म्हणून सारे संपले असेही नाही. ताप चालू असेल किंवा रक्तात दाह दिसत असेल तर त्यानंतरही उपचार करतात.

आता शंका कधी घ्यावी? पहिली खूण तापाचीच. पाचवा दिवस उजाडला, प्रतिजैविकाने ताप हटत नाही आणि वरच्यांपैकी दोन गोष्टी होऊन गेल्या आहेत, तर डॉक्टरांना कावासाकीचे नाव घेऊन विचारावे. यात कुणाचा अपमान नाही. सहा महिन्यांखालील बाळाला सात दिवस ताप आहे आणि कारण सापडत नाही, एवढेदेखील पुरे. तिथे दुसऱ्या लक्षणाची वाट पाहू नये.

आपल्याकडे एक खूण अशी आहे की तिच्याकडे युरोप-अमेरिकेतील डॉक्टरांचे सहसा लक्ष जात नाही. आपल्या बाळांना जन्मतःच डाव्या दंडावर बीसीजीची लस टोचतात. तिकडे ती सरसकट देत नाहीत. कावासाकीच्या तापात लहान बाळांच्या त्या जुन्या व्रणाभोवती पुन्हा लाली चढते, कधी सूज व खपली धरते. बाळ तापलेले असताना अंगडे काढून तो व्रण पाहावा, याला एक पैसाही लागत नाही. तसेच जांघेत व ढुंगणावर लाल पुरळ येऊन तिथली साल तापातच निघू लागते. लंगोटाने कातडी लागली असे समजून घरात पावडर लावली जाते.

कावासाकीची इतर सोंगेही सांगायला हवीत. कधी सुरुवात फक्त मानेच्या गाठीने होते आणि ती पिकण्याची वाट पाहिली जाते; ही गाठ पिकत नाही. कधी जुलाब-उलट्या व पोटदुखी पुढे असते, कधी डोळ्यांत किंचित कावीळ दिसते. कधी मूल इतके चिडचिडे असते की मेंदूज्वर समजून पाठीतले पाणी तपासतात आणि त्यात जंतू सापडत नाहीत. वर सांगितलेल्या बाळाच्या लघवीतल्या पू-पेशींचेही तसेच. त्या जंतूंमुळे नसतात, दाहामुळे असतात. लघवीच्या कल्चरमध्ये काहीच उगवत नाही. कल्चर कोरे आले तर "लघवी ठीक झाली" असे न समजता विचार करायला लागावे.

रक्ताच्या तपासणीविषयी एक गोष्ट मुद्दाम लिहितो. डेंग्यूने आपल्याला एक सवय लावली आहे. रिपोर्ट हातात आला की आधी प्लेटलेट पाहायच्या. "पेशी वाढल्या ना? मग काळजी नाही!" कावासाकीत याच्या उलटे होते. पहिल्या आठवड्यात प्लेटलेट बहुधा नेहमीइतक्या असतात, दुसऱ्या आठवड्यात त्या साडेचार लाखांच्या वर जातात, कधी सात-आठ लाखांवर. ताप टिकून आहे आणि पेशी चढताहेत, तर तो दिलासा नसून खूण आहे. याखेरीज ईएसआर व सीआरपी या दाह मोजणाऱ्या चाचण्या पाहाव्यात. त्या तालुक्याच्या प्रयोगशाळेतही होतात. ईएसआर चाळीसच्या वर आणि सीआरपी बरीच वाढलेली असेल तर हृदयाची टू-डी इको काढावी लागते. लहान बाळाच्या रोहिण्या मोजणे सरावाचे काम आहे, म्हणून ती मुलांच्या हृदयाची सवय असलेल्या डॉक्टरांकडूनच काढावी. पहिली इको चांगली आली तरी विषय मिटत नाही. एकदोन आठवड्यांनी आणि पुन्हा सहा-आठ आठवड्यांनी ती काढतात.

गोवर, लेप्टो आणि कावासाकी यांत गल्लत होते. गोवरात नाक वाहते, खोकला असतो, डोळ्यांना पाणी येते, पुरळ कानामागून सुरू होऊन खाली उतरते. कावासाकीत सर्दी-खोकला फारसा नसतो. लेप्टोतही डोळे चिपडांविना लाल होतात, आणि रायगडच्या पावसाळ्यात आधी लेप्टोचाच विचार करणे रास्त आहे. पण त्यात पोटऱ्या दाबल्या की मूल कळवळते, आणि भाताच्या खाचरात किंवा साचलेल्या पाण्यात वावर झालेला असतो. पाळण्यातल्या बाळाला लेप्टो होण्याचा संभव किती, हे आपणच ताडावे.

२०२० साली करोनाच्या साथीत कावासाकीसारखे दिसणारे आणखी एक दुखणे पुढे आले. करोना होऊन गेल्यावर दोन ते सहा आठवड्यांनी मुलांना जोराचा ताप, लाल डोळे, पुरळ आणि विशेष म्हणजे असह्य पोटदुखी व जुलाब. मुंबईतील चार मोठ्या रुग्णालयांनी त्या वर्षी अशा २३ मुलांची माहिती एकत्र करून प्रसिद्ध केली. त्यांतली निम्म्याहून अधिक मुले रक्तदाब कोसळलेल्या अवस्थेत होती. ही मुले कावासाकीच्या मुलांपेक्षा वयाने मोठी, शाळेत जाणारी. अशा दुखण्यात पोट धरून रडणाऱ्या मुलाचे आंत्रपुच्छ सुजले असावे, असा समज सहज होतो.

पोटदुखीवरून दुसऱ्या आजाराकडे वळू. हेनॉक-शोनलाइन परप्युरा हा तीन ते दहा वर्षांच्या मुलांचा आजार. बहुधा घसा दुखून गेल्यावर एकदोन आठवड्यांत पायांवर व ढुंगणावर जांभळट-लाल ठिपके उठतात. ते हाताला थोडे उंच लागतात. काचेचा पेला त्यांवर दाबून धरला तर साधे पुरळ फिके पडते, हे ठिपके तसेच दिसत राहतात, कारण तिथे रक्त कातडीखाली झिरपलेले असते. घोटे व गुडघे सुजतात, पोटात कळा येतात. कोकणात अशा वेळी पहिला तर्क "काहीतरी चावले" हाच असतो, आणि फुरशाच्या मुलखात तो हसण्यावारी नेऊ नये. दंशाची शंका असेल तर तडक रुग्णालय गाठावे. पण दोन्ही पायांवर सारखेच ठिपके असतील आणि दंशाची खूण नसेल तर या आजाराचा विचार करावा. प्लेटलेट यातही चांगल्या असतात, डेंग्यूसारख्या घसरत नाहीत.

याची चकविणारी तऱ्हा अशी की काही मुलांत पोटदुखी आधी येते आणि ठिपके काही दिवसांनी. पोटावर शस्त्रक्रिया करावी की नाही, याचा खल चाललेला असताना कुणीतरी चड्डी खाली करून मांड्या पाहते आणि उलगडा होतो. काही मुलग्यांत अंडकोश सुजून दुखतात. तिथे पीळ पडल्याची शक्यता आधी नाहीशी करावी लागते, कारण पीळ काही तासांत दगा देतो. शौचातून रक्त पडले, किंवा पोट फुगून उलट्या सुरू झाल्या तर आतड्यात आतडे शिरलेले असू शकते. सोनोग्राफीला उशीर करू नये.

हा आजार बहुतेक मुलांत चार-सहा आठवड्यांत बरा होतो. त्याचा खरा त्रास मूत्रपिंडांना होतो, आणि तो दुखत नाही. म्हणून ठिपके गेल्यावरही सहा महिने लघवीची तपासणी व रक्तदाब चालू ठेवायचा असतो. पहिला एकदोन महिने दर आठवड्या-पंधरवड्याने, मग महिन्याने. लघवी चहाच्या रंगाची झाली किंवा सकाळी पापण्या सुजल्या तर ठरलेल्या तारखेची वाट पाहू नये. मुलगा उड्या मारू लागला की पालक फेऱ्या बंद करतात, असा अनुभव आहे.

एक इशारा. न फिके पडणारे जांभळे ठिपके आणि सोबत ताप, गुंगी, हातपाय गार अशी स्थिती असेल तर तो रक्तात जंतू पसरल्याचा प्रकार असू शकतो. तिथे पेला दाबत बसू नये, गाडी काढावी.

तिसरा प्रकार दुर्मिळ, म्हणून थोडक्यात. जपानमधील नेत्रतज्ज्ञ ताकायासू यांनी १९०८ साली वर्णिलेल्या आजारात शरीरातली सर्वांत मोठी रोहिणी व तिच्या फांद्या अरुंद होतात. दहा-बारा वर्षांची मुलगी महिनोन् महिने बारीक ताप, वजन घटणे, डोकेदुखी अशी कुरकुर करते. क्षयाचा संशय येतो, कधी औषधेही सुरू होतात. मुलांचा रक्तदाब मोजण्याची रीत आपल्याकडे नसल्याने तो दोनशेला पोहोचला तरी कळत नाही. अशा मुलीच्या दोन्ही मनगटांची नाडी पाहावी, दोन्ही दंडांचा रक्तदाब मोजावा. एका हाताची नाडी लागत नसेल किंवा दोन दंडांतील आकड्यांत मोठी तफावत असेल तर दिशा मिळते.

पालीहून परळचे वाडिया बालरुग्णालय शंभराहून अधिक किलोमीटर दूर. अंबेच्या पुलावर पाणी चढून वाट अडल्याचे प्रसंगही पालीकरांना आठवतील. म्हणून घरूनच काही तयारी करून निघावे. ताप हात लावून न पाहता थर्मामीटरने मोजावा आणि भिंतीवरच्या कालनिर्णयात त्या त्या तारखेच्या चौकटीत लिहावा: किती ताप, काय दिसले, कोणते औषध दिले. पुरळ, डोळे, ओठ, तळवे यांचे फोटो मोबाइलवर दिसतील त्या दिवशी काढून ठेवावेत, कारण डॉक्टरांसमोर जाईपर्यंत ते मावळलेले असतात. औषधांच्या बाटल्या व सर्व रिपोर्ट एका पिशवीत न्यावेत. आणि "किती दिवस ताप?" या प्रश्नाला "झाले चार-पाच दिवस" असे उत्तर न देता तारीख सांगावी. चौथा दिवस आणि सातवा दिवस यांत डॉक्टरांचा निर्णय बदलतो. ताप उतरून गेल्यावर बोटांची साल निघताना दिसली तरी तो महिना डोळ्याआड न करता मुलाला दाखवून एकदा इको करून घ्यावी.

इम्युनोग्लोब्युलिन मिळालेल्या बाळाच्या लसींत थोडा बदल होतो. गोवर-रुबेला व कांजिण्यांच्या लसी त्यानंतर साधारण अकरा महिने पुढे ढकलतात, कारण बाहेरून आलेल्या प्रतिपिंडांमुळे त्या लागू पडत नाहीत. ॲस्पिरिन चालू असताना घरात किंवा शेजारी कुणाला कांजिण्या वा फ्लू झाला तर डॉक्टरांना लगेच कळवावे. औषध दिल्याची तारीख लसीकरणाच्या कार्डावर ठळक लिहून घ्यावी, म्हणजे आशाताई यादी घेऊन दारात आल्या तर गोंधळ होणार नाही. पोलिओचे थेंब नेहमीप्रमाणे द्यायला हरकत नाही.